करारावर सही कुणाची?

शंकेखोर : मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत १५ ऑगस्ट १९४७ येतो आणि वक्ता तिथून थेट १७ सप्टेंबर १९४८ वर उडी मारतो. मधले तेरा महिने रझाकारांचे अत्याचार आणि हुतात्म्यांची नावे यांनी भरून काढले जातात. त्या महिन्यांत भारत सरकार नेमके काय करत होते, हे मंडपात कुणी विचारत नाही. ते बोलणी करत होते. जुलै १९४७ पासून निजामाच्या वतीने छत्तारीचे नवाब, वॉल्टर माँक्टन, अली यावर जंग यांच्या दिल्लीच्या खेपा चालू होत्या. माउंटबॅटनने बाकीच्या संस्थानांना १५ ऑगस्टची मुदत लावली आणि हैदराबादला मात्र दोन महिने वाढवून दिले. २७ ऑक्टोबरला पहाटे रझाकारांच्या जमावाने शिष्टमंडळातल्या लोकांची घरे वेढली आणि त्यांना दिल्लीला जाऊ दिले नाही. मग निजामाने शिष्टमंडळच बदलले. दिल्लीने काय केले? नव्या मंडळीशी, जवळजवळ त्याच मसुद्यावर, २९ नोव्हेंबरला वर्षभराचा जैसे थे करार केला. दांडगाई केली की दिल्ली ऐकते, असा अर्थ रझाकारांचा म्होरक्या, लातूरच्या कासीम रझवी वकिलाने काढला असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? करार झाला म्हणून परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या शेतकऱ्याच्या दारातली लेव्ही सुटली नाही, वऱ्हाडाच्या वाटेवरचा करोडगिरी नाका हलला नाही, मुलांच्या शाळेतली उर्दूची सक्ती गेली नाही. एक गोष्ट तेवढी बदलली. आता या सगळ्यावर भारत सरकारची सही होती.

समर्थक : तुम्ही जिंतूरहून पाहता, ठीक आहे. पण त्या नोव्हेंबरात दिल्लीत बसून काय दिसत होते तेही पाहा. ज्या २७ ऑक्टोबरला हैदराबादेत घरे वेढली गेली, त्याच दिवशी भारताचे सैन्य श्रीनगरच्या विमानतळावर उतरत होते. पंजाबातून निर्वासितांचे लोंढे येत होते. जुनागडचा निकाल लागायचा होता. लष्कराची वाटणी नुकतीच झालेली आणि वरचे अधिकारी बरेचसे इंग्रज. अशा वेळी देशाच्या मधोमध बसलेल्या, सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या, स्वतःचे सैन्य आणि नाणे असलेल्या संस्थानाशी दुसरी आघाडी उघडायची? करारात काय होते तेही कुणी वाचत नाही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण या बाबतींत ब्रिटिश सत्तेशी जी व्यवस्था होती ती आता भारताशी चालू राहील, असे निजामाने मान्य केले. जूनमध्ये जो माणूस स्वतंत्र सार्वभौम राज्याची भाषा करत होता, त्याने नोव्हेंबरात त्या भाषेवर वर्षभर पाणी सोडले. मग त्यानेच करार मोडला. मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली, भारतीय चलन व्यवहारातून बाद केले, पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले. निजामाविरुद्धचे आरोपपत्र निजामाकडूनच लिहून घेतले गेले. १९४८ मध्ये भारताने श्वेतपत्रिका काढली तेव्हा त्यात काय भरायचे ही अडचण पडली नाही.

शंकेखोर : आरोपपत्र चांगले झाले, मान्य. पण पुरावा गोळा होईस्तोवर घर कुणाचे जळत होते? त्या करारात आणखी एक कलम होते. राज्यातली अंतर्गत शांतता राखण्यासाठी सैन्य पाठवण्याचा अधिकार भारताला राहणार नाही आणि युद्धकाळ सोडला तर हैदराबादच्या हद्दीत सैन्य ठेवता येणार नाही. त्यानुसार सिकंदराबादेतले सैन्य काढून घेतले गेले. उरले कोण? बोलारमला बसलेले एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी आणि त्यांचे खलिते. रझाकारांचा धिंगाणा यानंतर वाढला, आधी नाही. आमच्या पोरांना मग सरहद्द ओलांडून वाशीम, पुसद, उमरखेडच्या कॅम्पांत जावे लागले. तिथून रात्री यायचे, नाका फोडायचा, पटवाऱ्याचे दप्तर जाळायचे आणि उजाडायच्या आत परत. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात. दिल्लीच्या दृष्टीने ही पोरे कोण होती? करार चालू असताना शेजारच्या राज्यात घुसणारे लोक. गंमत अशी की वाशीम-पुसदचा तो वऱ्हाडही १९३६ च्या करारात निजामाच्या सार्वभौमत्वाखाली असल्याचे इंग्रजांनी कागदोपत्री मान्य केलेले होते. वाटाघाटीत वऱ्हाड परत द्या, ही निजामाची मागणी होतीच. म्हणजे निजामाशी लढणारे कॅम्प निजाम ज्यावर हक्क सांगत होता त्या जमिनीवर उभे होते, आणि दिल्ली एकीकडे त्याच निजामाशी सह्या करत होती.

समर्थक : तुम्ही हा विरोधाभास म्हणून मांडता, मला त्यात धोरण दिसते. वाड्याला सदर असते तसे परसही असते. सदरेवर माउंटबॅटन आणि व्ही. पी. मेनन यांनी निजामाच्या दूतांशी गोड बोलायचे आणि परसदारी सरहद्दीवरच्या कॅम्पांकडे मध्यप्रांताच्या सरकारने काणाडोळा करायचा. हे दोन्ही एकाच घरात चालू होते. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली, ती लुटणारे कॅम्पांतलेच होते. वल्लभभाईंना कॅम्पांची माहिती नव्हती असे कोण म्हणेल? शिवाय आर्थिक नाकेबंदी होती. मीठ, पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग यांची वाहतूक अडवली गेली. बोलणी एकटी कधीच चालत नाहीत, त्यांच्यामागे काहीतरी घट्ट आवळलेले असावे लागते. निजामाचा गळा आवळला गेला म्हणून तर तो ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेकडे धावला.

शंकेखोर : गळा निजामाचा आवळला गेला, असे तुम्ही म्हणता! त्याच्या किंग कोठी वाड्यात मीठ संपले असेल का हो? नाकेबंदीची झळ सेलूच्या बाजारात लागली, पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत लागली, गंगाखेडला लागली. दवाखान्यात औषध नाही, दुकानात मीठ नाही, मिळालेच तर दामदुप्पट. अलीकडून रझाकार, पलीकडून नाकेबंदी. ज्याला सोडवायचे म्हणता त्याच्याच ताटातले मीठ काढून घ्यायचे आणि त्याला राजावरचा दबाव म्हणायचे, हे मुत्सद्देगिरीच्या पुस्तकात बसत असेल. मला एवढेच सांगा, निजामाच्या हट्टाचा हिशेब निजामाकडून का वसूल झाला नाही? लढाई हरल्यावरही तो राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत राहिला. त्याला अटी मिळाल्या, तनखा मिळाला. परभणीच्या माणसाला कोणती अट मिळाली?

समर्थक : बरे, मग उलट बाजूने बोलू. तुमचे म्हणणे असे दिसते की नोव्हेंबर १९४७ मध्येच सैन्य घुसवायला हवे होते. सैन्य घुसल्यावर काय होते ते सप्टेंबर १९४८ मध्ये दिसले. लढाई, म्हणजे ती पोलीस ॲक्शन, पाच दिवसांची, १३ ते १७ सप्टेंबर, आणि तिचा अभिमान आपण दरवर्षी मिरवतो. पण लढाई संपल्यावर जे झाले त्याची चौकशी करायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले. त्यांच्या अहवालात पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचा आकडा २७ हजार ते ४० हजार दिला आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ लागली, असे ते लिहितात. नांदेड म्हणजे तुमची शीव. त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. सूड घ्यायला रझाकार हाती लागला नाही तिथे विणकर, टांगेवाला, चपराशी सापडला. जून १९४८ मध्ये जो मसुदा निजामासमोर ठेवला होता त्यात रझाकारांना आवर, जबाबदार सरकार आणि सामील व्हायचे की नाही यावर जनमत, एवढे सगळे होते. आजारी वल्लभभाईंनी देहरादूनला नाखुशीने का होईना त्याला संमती दिली होती. तो निजामाने फेटाळला. त्याने सही केली असती तर ही माणसे वाचली असती. बोलणी म्हणजे वेळकाढूपणा असे म्हणणाऱ्याने हा आकडा आधी समोर ठेवावा.

शंकेखोर : ठेवला. तो आकडा मी झाकणार नाही, आणि १७ सप्टेंबरच्या भाषणात तो येत नाही याची मला लाजही वाटते. पण त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. गावातला द्वेष एका रात्रीत पिकत नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये कळमनुरीतला मुसलमान दुकानदार आणि त्याचा हिंदू शेजारी एकमेकांकडे जसे पाहत होते, तसे सप्टेंबर १९४८ मध्ये पाहत नव्हते. मधले महिने कुणी दिले? ज्याने मुदत वाढवली त्याने. रझवीला भरती करायला, हत्यारे जमवायला, प्रत्येक गावात एक अविश्वास पेरायला करारानेच वेळ दिला. शस्त्रांची चोरटी ने-आण करणाऱ्या सिडने कॉटनची विमाने रात्री हैदराबादेत हत्यारे उतरवत होती, ती या करारकाळातच. तुम्ही म्हणता निजामाने जूनमध्ये सही केली असती तर. मी म्हणतो, सिकंदराबादेतले सैन्य हलले नसते तर. दोघांचेही ‘तर’ आता तपासता येत नाहीत. आणि त्या अहवालाचे काय झाले तेही सांगा की. दिल्लीने तो मान्य केला नाही, कित्येक दशके तो फायलीत पडून राहिला. जे मेले त्यांच्या वतीने बोलणारे कुणी करारात नव्हते, चौकशीनंतरही नव्हते.

(इथे लिहिणाऱ्याने तोंड घालू नये, पण राहवत नाही. या दोघांना एकाच आकड्याची गरज आहे, एकाला सबुरीसाठी, दुसऱ्याला घाईसाठी. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत हा आकडा दोघांच्याही कामी येण्याइतका दिसत नाही. वाद पुढे चालू.)

समर्थक : मग दुसरे एकीकरण घेऊ, कारण तुमचा खरा रोख तिकडेच आहे असे मला वाटू लागले आहे. पहिल्या खेपेला मराठवाडा भारताशी जोडला गेला, दुसऱ्या खेपेला महाराष्ट्राशी. मराठी माणूस मुंबई इलाख्यात, मध्यप्रांत-वऱ्हाडात, निजामाकडे आणि पोर्तुगीजांकडे असा चार ठिकाणी वाटला गेला होता. परतूरला १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली, तेव्हाच या भागाने आपली दिशा ठरवलेली होती. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच. पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद राज्य तसेच ठेवावे असे नेहरूंचे मत होते. त्या मताविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ उभे राहिले आणि राज्याचे त्रिभाजन मागितले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते झाले. इथे राजा नव्हता, नाकेबंदी नव्हती, गुप्त खलिते नव्हते. आणि मराठवाडा कसा आला? बिनशर्त. यापेक्षा स्वच्छ एकीकरण तुम्हाला जगात कुठे दाखवता येईल?

शंकेखोर : बिनशर्त हा शब्द आमच्या नेत्यांनी अभिमानाने उच्चारला आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार होता म्हणा. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, नोकऱ्यांत वाटा. पण त्यातले कायद्यात काय उतरले ते पाहा. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९६० च्या पुनर्रचना कायद्यातच लिहून आले. औरंगाबादला ते १९८१ मध्ये आले, तेही वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर. नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचे अधिवेशन भरते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये झाले, राहुरी आणि अकोल्याच्या नंतर, आणि त्यासाठी इथली पोरे रस्त्यावर उतरली होती. मनमाडहून परभणीकडे येणारी मीटरगेज रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले, गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसाला आयुष्याची उतरती वर्षे त्यात घालावी लागली. राज्यघटनेत ३७१ (२) हे कलम १९५६ पासून आहे. विकास मंडळे प्रत्यक्षात स्थापन झाली १९९४ मध्ये. अडतीस वर्षे! २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, तो मोजावा लागला हेच पुरे बोलके आहे. जे कागदावर आणि कायद्यात होते ते मिळाले. जे मनात आणि भाषणात होते त्यासाठी लाठ्या खाल्ल्या.

समर्थक : आता सापडलात. १९४७ च्या कागदाला तुम्ही शिव्या घालता आणि १९५६ ला कागद नव्हता म्हणून रडता. एकदा काय ते ठरवा. करार म्हणजे वेळकाढूपणा असेल तर तुमच्या नेत्यांनी बिनशर्त येऊन तुमचेच म्हणणे खरे केले: अटी घालत बसले नाहीत, सरळ आले. आणि करार महत्त्वाचा असेल तर दिल्लीने निजामाशी जे केले त्यात तत्त्वतः चूक काय? पश्चिम जर्मनीचे उदाहरण घ्या. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्या सरकारने पूर्व जर्मनीशी करार केला. वेगळे राज्य म्हणून त्याच्याशी व्यवहार करायला मान्यता दिली. देशात केवढा गहजब झाला, फाळणीवर शिक्कामोर्तब केले म्हणून. पण त्या व्यवस्थेमुळे माणसे भेटू लागली, नातेवाईक येऊ-जाऊ लागले आणि १९९० मध्ये एकीकरण झाले तेव्हा गोळी झाडावी लागली नाही. शत्रूला थोडी मान्यता देणे ही कधीकधी त्याला विरघळवण्याची पहिली पायरी असते. कोरियात असा प्रयत्न २००० च्या शिखर परिषदेपासून झाला, तो फसला हे मीही कबूल करतो. पण फसला म्हणून तिथे कुणी सैन्य पाठवा म्हणत नाही.

शंकेखोर : जर्मनीचे उदाहरण तुम्ही दिले हे बरेच झाले. ब्रांटचा तो करार बव्हेरियाच्या सरकारने घटनात्मक न्यायालयात नेला. १९७३ मध्ये न्यायालयाने करार वैध ठरवला, पण एकीकरणाचे ध्येय सोडून देता येणार नाही असेही बजावले. म्हणजे तिथे करारावर प्रश्न विचारायला एक दार होते. माझ्यावर तुम्ही विसंगतीचा आरोप केला, त्याचे उत्तर याच दारात आहे. कागद असावा की नसावा हा माझा मुद्दा राहिलाच नाही, तुमच्याशी बोलता बोलता तो गळून पडला. मला आता वेगळेच विचारायचे आहे. करार मोडला तर फिर्याद करायची मुभा कुणाला? जैसे थे करारात वाद झाल्यास लवादाची सोय होती. लवादाकडे जाणार कोण? भारत सरकार किंवा निजाम. हिंगोलीचा माणूस नाही, जरी करार त्याच्या गावावरून केलेला असला तरी. नागपूर करारावर सह्या काँग्रेसच्या नेत्यांच्या. तो मोडला तर परभणीच्या माणसाने कोणत्या कचेरीत जायचे? ३७१ (२) मध्ये राष्ट्रपती आहेत, राज्यपाल आहेत. आम्ही तिथे आहोत ते लोकसंख्या म्हणून. आणि आजचेच बघा. बेळगावचा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, घटनेच्या १३१ व्या कलमाखाली. त्या कलमाखाली वाद लढू शकतात ते केंद्र आणि राज्ये. बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी माणूस, ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे, तो त्या दाव्यात पक्षकारच नाही. ज्याचा प्रश्न तो सोडून सगळे पक्षकार! दिल्लीची मुत्सद्देगिरी नरम होती की कडक, यापेक्षा मला हे जास्त खुपते.

समर्थक : मुद्दा धारदार आहे, पण जरा त्याची पातेही तपासू या. परभणीचा माणूस वाटाघाटीला बसायला हवा होता म्हणता. कोणता? १९४७ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्येच मवाळ आणि जहाल असे दोन तट होते आणि स्वामीजी बहुतेक काळ तुरुंगात. तिकडे तेलंगणात कम्युनिस्टांचे वेगळेच बंड. आर्य समाजाचे वेगळे गणित. दलितांचे घ्या. डॉ. आंबेडकरांनी हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाच्या नादी लागू नका असे जाहीर बजावले, तरीही बी. एस. व्यंकटराव निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि बी. श्यामसुंदर हैदराबादच्या शिष्टमंडळातून सुरक्षा परिषदेपर्यंत पोचले. त्यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सवर्ण देशमुखाच्या राज्यापेक्षा निजामाचे परवडेल असे वाटणारा माणूसही परभणीतच राहत होता ना? आणि मुसलमान शेतकरी, ज्याला रझाकार व्हायचे नव्हते पण हिंदुस्थानात आपले काय होईल याची धास्ती होती, तो? या सगळ्यांना बसवले असते तर बोलणी अजून चालू असती. राजाशी बोलण्याचा एक निर्दय फायदा असतो. तिथे एकच सही लागते.

शंकेखोर : आणि एकाच सहीत सगळे अडकते, हा त्याचा निर्दय तोटा. पण तुमचे म्हणणे मी उडवून लावत नाही. ‘जनता’ म्हणून मी ज्याला पुढे करतो त्यात देशमुख पुढे बसला असता आणि बाकीचे दाराबाहेर, हे मला दिसते. १९५६ नंतरही मुंबईशी बोलायला मराठवाड्यातून कोण गेले? आमच्यातलेच काही घरंदाज. अनुशेष मुंबईने ठेवला हे खरे, पण तो ठेवला जात असताना आमचे मंत्री त्याच मंत्रिमंडळात होते. शंकरराव चव्हाण तर मुख्यमंत्रीही झाले. तरी एक मार्ग होता, आणि तो तुमच्याच जूनच्या मसुद्यात लिहिलेला होता. जनमत. प्रत्येकाला एक मत. त्याला टेबलही लागत नाही आणि पुढारीही लागत नाही. जुनागडमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये भारताने ते घेतले. हैदराबादमध्ये निजामाने सही केली नाही म्हणून राहिले, इथवर ठीक. पण १७ सप्टेंबरनंतर निजामाची सही कुणाला हवी होती? सत्ता भारताच्या हातात होती, जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते. तेव्हा का विचारले नाही?

समर्थक : कारण उत्तर ठाऊक होते.

शंकेखोर : म्हणून तर विचारायचे. जुनागडमध्येही ते ठाऊकच होते.

समर्थक : आणि काश्मीर? १९४८ च्या अखेरीला हैदराबादेत जनमत घेतले असते तर दुसऱ्याच दिवशी कराचीने विचारले असते, मग श्रीनगरला कधी? सुरक्षा परिषदेत हैदराबादचा प्रश्न तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर होता. स्वतःहून तिथे एक दाखला तयार करून द्यायचा? १९४९ च्या नोव्हेंबरात निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली, आणि १९५२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. परभणीच्या बाईमाणसांनी, कुळांनी, मजुरांनी पहिल्यांदा मत टाकले. निजामाच्या राज्यात हे त्यांना कधी मिळाले नव्हते. ते जनमत नाही तर काय?

शंकेखोर : ते निवडणुकीचे मत. कोण आमदार हवा एवढेच त्यात विचारले होते. आणि तुमच्या तोंडून आत्ता जे निघाले ते फार मोठे आहे. भारताशी आमचे जोडले जाणे हे एका राजाच्या फर्मानाने पक्के झाले. ज्याच्याविरुद्ध लढलो त्याच्याच सहीने. कारण आम्हाला विचारले तर काश्मीरला विचारावे लागेल, म्हणून. हे धोरण चूक होते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काश्मीरचे ओझे मला दिसते. पण दिल्लीच्या हिशेबात परभणीचा माणूस तेव्हाही दुसऱ्या कुणाच्या प्रश्नातला एक आकडा होता, हे तुम्ही नाकारू शकाल का?

समर्थक : नाकारत नाही. पण तुम्हीही एक सांगा. १९५६ ला स्वामीजींनी अटी घातल्या असत्या, लेखी, कायद्यात उतरवलेल्या, आणि मुंबईने त्या नाकारल्या असत्या, तर त्यांनी परत हैदराबाद राज्य मागितले असते का?

शंकेखोर : नसते मागितले. आणि मुंबईला ते माहीत होते.